रक्तातलं प्लास्टिक आणि रिपोर्टवरचा लाल आकडा

प्रश्न असा आला आहे. ठाण्यातलं एक जोडपं, तो ३६ वर्षांचा, ती ३२ची. या वर्षात मूल व्हावं अशी दोघांची इच्छा. फुल बॉडी चेकअप केलं, त्यात एक ‘प्लास्टिक टॉक्सिन पॅनल’ही होतं. तिच्या रक्तात बीपीए २.४ नॅनोग्रॅम प्रति मिली निघालं, एमईएचपी नावाचं काहीतरी ९.१ निघालं, आणि दोन्हींपुढे लाल अक्षरात ‘हाय’. मग लॅबमधून फोन आला: मायक्रोप्लास्टिकची वेगळी टेस्ट करून घ्या, आणि रक्तशुद्धीची काही सत्रं घ्या. जोडप्याला विचारायचंय की हे आकडे खरे का, याने नेमकं काय होतं, आणि बाळाचा विचार पुढे ढकलायचा का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण झोप त्यानेच उडाली असणार. या रिपोर्टवरून काहीही पुढे ढकलू नका. आता बाकीचं सावकाश बघू.

मी क्लिनिकल बायोकेमिस्ट आहे. नोकरीतली बरीच वर्षं मास स्पेक्ट्रोमीटरसमोर, म्हणजे रसायन त्याच्या वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रासमोर गेली आहेत. तेव्हा हे मत रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरचं नाही, टेस्ट ट्यूबच्या बाजूने बघणाऱ्या बाईचं आहे. असा रिपोर्ट हातात आला की मी आकड्याकडे सगळ्यात शेवटी बघते. आधी बघते की नमुना कसला होता, तो कशात घेतला आणि सोबत ब्लँक, म्हणजे रक्ताऐवजी शुद्ध पाण्याचा कोरा नमुना, चालवला होता का. तुमच्या रिपोर्टवर ‘सीरम’ (रक्त गोठल्यावर वेगळं होणारं पाणी) एवढा एकच शब्द आहे.

तुमचं रक्त दंडातून यंत्रापर्यंत कसं गेलं ते डोळ्यांसमोर आणा. सुई, तिच्यामागे स्काल्प व्हेनची मऊ पारदर्शक नळी, मग पिवळ्या टोपणाची जेल असलेली प्लास्टिक ट्यूब, रबराचं बूच, सेंट्रिफ्यूज, पिपेटची प्लास्टिक टिप, साठवणीची प्लास्टिक वायल, प्लास्टिकच्या आवरणातला फिल्टर. मोजायचं काय, तर प्लास्टिकमधून सुटलेलं रसायन. आणि तेही किती? २.४ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे पाच मिलीच्या नमुन्यात एकूण १२ नॅनोग्रॅम. मिठाचा एक दाणा साधारण ६० मायक्रोग्रॅमचा धरला, तर त्याचे पाच हजार भाग करून त्यातला एक. एवढंसं काही त्या नळीतून किंवा बुचातून नमुन्यात उतरलं, तरी रिपोर्टवर ‘हाय’ छापून येतं.

आमच्याकडे नवीन मुलं आली की सुरुवातीला मी त्यांच्या हातात रक्त देतच नाही, शुद्ध पाणी देते. ते पाणी नेहमीच्या सुईने, नेहमीच्या नळीतून, नेहमीच्या ट्यूबमध्ये ओढायचं, तासभर स्टँडवर ठेवायचं, मग रक्ताला करतो तो सगळा सोपस्कार करून यंत्रात सोडायचं. स्क्रीनवर सपाट रेघ यायला हवी. येत नाही. डीईएचपी, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारं एक रसायन, ज्या मिनिटाला बाहेर पडतं बरोबर त्याच मिनिटाला रेघेवर एक ताठ, देखणं टोक (पीक) उभं राहतं. वस्तुमान जुळतं, तुकड्यांचं गुणोत्तर जुळतं, यंत्राच्या दृष्टीने सगळं शंभर टक्के खरं. फक्त ते कोणाच्याही शरीरातून आलेलं नसतं. यंत्र खोटं बोलत नाही. ‘कुठून आलं’ हे त्याला कोणी विचारलेलंच नसतं, आणि विचारलं तरी त्याला सांगता येत नाही. म्हणून काच, तीही भट्टीत चारशे अंशांच्या वर तापवलेली, ट्यूबचा प्रत्येक लॉट आधी तपासलेला, आणि दर बॅचमध्ये रक्ताइतकेच ब्लँक. हे सगळं करायला वेळ आणि पैसा लागतो. घरी येऊन सकाळी सातला रक्त घेऊन जाणाऱ्या पॅकेजमध्ये हे बसत नाही.

आता बीपीएकडे येऊ. पूर्ण नाव बिस्फेनॉल ए. पॉलीकार्बोनेट नावाचं कडक पारदर्शक प्लास्टिक, डबाबंद अन्नाच्या डब्यांचं आतलं अस्तर, एटीएमच्या पावतीचा थर्मल कागद या त्याच्या नेहमीच्या जागा. इस्ट्रोजेनसारखं वागण्याचा त्याचा गुण इंग्लंडमध्ये चार्ल्स डॉड्स यांनी १९३०च्या दशकातच दाखवला होता, म्हणजे त्यापासून प्लास्टिक बनू लागण्याच्या बऱ्याच आधी. अन्नातून आलेलं बीपीए आतड्यातून यकृताकडे जातं, तिथे त्याला ग्लुकुरोनिक आम्ल जोडलं जातं आणि ते लघवीवाटे बाहेर पडतं. जर्मनीत २००२ साली फोल्केल आणि सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांना खूण केलेलं पाच मिलिग्रॅम बीपीए प्यायला दिलं. रोजच्या आहारातून जातं त्याच्या कैक पटींनी हे जास्त होतं. जवळपास सगळं २४ तासांत लघवीत आलं, रक्तातलं निम्मं दर पाच-सहा तासांनी उतरत गेलं, आणि इस्ट्रोजेनसारखा गुण असलेलं मोकळं बीपीए रक्तात मोजताच आलं नाही. पुढे २०११ मध्ये अमेरिकेत टीगार्डन यांच्या गटाने २० जणांना दिवसभर मुद्दाम डबाबंद पदार्थ खायला घालून तासातासाला रक्त तपासलं. तिथेही मोकळं बीपीए ०.३ नॅनोग्रॅमच्या मोजमाप-मर्यादेवर गेलं नाही.

दिवसभर डब्यातलं खाऊन ०.३ गाठता आलं नाही, आणि तुमच्या उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात २.४? हे बीपीए ट्यूबमधलं असण्याची शक्यता मला फार जास्त वाटते. रिपोर्टवर ते मोकळं की एकूण हेही लिहिलेलं नाही, आणि ते न लिहिता आकडा देणं हीच माझ्या लेखी मोठी त्रुटी आहे.

एमईएचपीची गोष्ट आणखी मजेशीर आहे. डीईएचपी हे पीव्हीसीला मऊ करणारं थॅलेट; थॅलेट्स म्हणजे प्लास्टिक मऊ करणाऱ्या रसायनांचं कुटुंब. आपल्या शरीरात त्याचं पहिलं रूपांतर एमईएचपीत होतं. ते घडवणारी एन्झाइम्स रक्तातही असतात, आणि रक्त ट्यूबमध्ये काढल्यावर ती लगेच झोपी जात नाहीत. म्हणजे नळीतून थोडं डीईएचपी नमुन्यात उतरलं की ट्यूबमध्ये बसल्या बसल्या त्याचं एमईएचपी बनतं, आणि रिपोर्ट वाचणाऱ्याला वाटतं की हे तर शरीरातून गेलेलं दिसतंय. हे टाळायला रक्त काढल्या काढल्या त्यात फॉस्फोरिक आम्ल घालून एन्झाइम्स थंड करावी लागतात. त्याहून सोपा मार्ग म्हणजे लघवी घ्यायची आणि तिच्यात एमईएचपीच्या पुढची, ऑक्सिडाइझ झालेली रूपं मोजायची. ती शरीरातच, मुख्यतः यकृतात बनतात, ट्यूबमध्ये नाही. म्हणून अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेपासून युरोपातल्या मोठ्या पाहण्यांपर्यंत बीपीए आणि थॅलेट्ससाठी लघवी घेतात. सीडीसीच्या २००३-०४च्या पाहणीत सहा वर्षांवरच्या २,५१७ जणांची लघवी तपासली, ९३ टक्के लोकांत बीपीए सापडलं, सरासरी २.६ नॅनोग्रॅम प्रति मिली. तुमचा रक्तातला आकडा या लघवीतल्या सरासरीच्या इतका जवळ का, हा प्रश्न मी त्या लॅबला नक्की विचारला असता.

मोजमापात गडबड नेहमी जास्तीच्याच बाजूने होते असंही नाही. लघवीतलं बीपीए बहुतेक जोडलेल्या अवस्थेत असतं. ते सुटं करून मोजायला वर्षानुवर्षं गोगलगायीपासून काढलेलं एक एन्झाइम वापरलं गेलं. २०१९च्या अखेरीस कॅलिफोर्नियातल्या गेरोना आणि सहकाऱ्यांनी गर्भवतींच्या लघवीत जोडलेलं बीपीए थेट मोजलं, तेव्हा जुन्या पद्धतीपेक्षा कितीतरी पट जास्त निघालं. त्यावर वाद झाले, अजून आहेत. पण सांगायचा मुद्दा हा की ‘बीपीए किती’ हा आकडा पद्धतीचं नाव न सांगता अर्धाच राहतो.

शिवाय एकदाच दिलेल्या नमुन्याला मर्यादा असतेच. पाच-सहा तासांत निम्मं होणारी गोष्ट सकाळी एक आकडा दाखवते आणि दुपारी हॉटेलात जेवून आलात की दुसरा. हार्वर्डमध्ये २०११ साली ७५ स्वयंसेवकांना पाच दिवस रोज एकदा डबाबंद सूप दिलं आणि पाच दिवस ताजं सूप दिलं. डबाबंदच्या आठवड्यात लघवीतलं बीपीए दहा पटींहून जास्त वाढलं. ही माणसं काही त्या आठवड्यात दहापट आजारी झाली नव्हती. त्यांनी सूप प्यायलं होतं.

आता याच्या बरोबर उलट बाजू. काही रसायनांसाठी रक्त हाच योग्य नमुना असतो, आणि तिथला आकडा मी गंभीरपणे घेते. पीफास, म्हणजे फ्लोरिनयुक्त रसायनांचं मोठं कुटुंब: न चिकटणारे तवे बनवण्याच्या प्रक्रियेत, तेल न शोषणाऱ्या कागदात, डाग न पडणाऱ्या कापडात, आग विझवण्याच्या फेसात. यांतली पीएफओए, पीएफओएस ही रसायनं सीरममधल्या प्रथिनांना धरून बसतात आणि निम्मी व्हायला काही वर्षं घेतात. सकाळी मोजा, संध्याकाळी मोजा, आकडा तोच. १९६८ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड टेव्ह्ज यांना माणसाच्या रक्तात सेंद्रिय स्वरूपातलं फ्लोरिन आढळलं, ते कुठून येतं हे उलगडायला पुढची अनेक वर्षं गेली. वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्याने पाणी बिघडवल्यावर तिथल्या सुमारे ६९,००० लोकांचं रक्त तपासलं गेलं. शास्त्रज्ञांच्या समितीने २०१२ पर्यंत सहा आजारांशी ‘संभाव्य संबंध’ असल्याचा निष्कर्ष दिला: मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, आतड्याचा अल्सरेटिव्ह कोलायटिस, थायरॉइड, वाढलेलं कोलेस्टेरॉल, गर्भारपणातला रक्तदाब. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमीने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी पायऱ्याही दिल्या. पीफासची बेरीज २ नॅनोग्रॅम प्रति मिलीच्या खाली असेल तर अपाय अपेक्षित नाही, २० च्या वर असेल तर थायरॉइड, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंड यांच्याकडे जास्त लक्ष द्या. आकड्याला अर्थ असणं म्हणजे काय, ते इथे दिसतं.

याचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. इटलीत विचेन्झाजवळ त्रिस्सिनोला मितेनी नावाचा कारखाना होता. त्याने भूजल इतकं बिघडवलं की साडेतीन लाखांच्या आसपास लोक बाधित क्षेत्रात आले आणि व्हेनेतो प्रांताला २०१७ पासून रक्ततपासणीची मोहीम चालवावी लागली. कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला, जून २०२५ मध्ये विचेन्झाच्या न्यायालयाने ११ जणांना तुरुंगवासाच्या शिक्षा सुनावल्या. तिथली यंत्रसामग्री लिलावातून विकत घेतली गेली आणि ती रत्नागिरी जिल्ह्यात लोटे परशुरामच्या एमआयडीसीत आली, हे बातम्यांत आलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की तिथल्या लोकांचं आणि कामगारांचं सीरम आत्ताच घेऊन उणे ८० अंशांवर जपून ठेवायला हवं. उद्या काही निघालं, नाही निघालं, तुलनेला आजचा आकडा लागेल. ठाण्यातल्या निरोगी जोडप्याच्या रक्तात बीपीए शोधण्यापेक्षा हे काम कितीतरी जास्त गरजेचं आहे, पण त्याचं पॅकेज कोणी विकत नाही.

मायक्रोप्लास्टिक. तुम्हाला सुचवलेली ती टेस्ट करू नका. का, ते सांगते, कारण इथे बातम्यांनी फार गोंधळ घातला आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमच्या हेदर लेस्ली आणि सहकाऱ्यांनी २२ दात्यांच्या रक्तात प्लास्टिक शोधलं, १७ जणांत सापडलं, सरासरी १.६ मायक्रोग्रॅम प्रति मिली. काम काळजीपूर्वक केलेलं होतं, पहिलंच होतं. पद्धत अशी: नमुना भट्टीत ऑक्सिजनशिवाय तापवून त्याचे वायुरूप तुकडे करायचे आणि तुकड्यांवरून मूळ प्लास्टिक ओळखायचं. अडचण अशी की पॉलिथिन असं तापवल्यावर जे तुकडे येतात, तसेच तुकडे रक्तातल्या चरबीपासूनही येतात. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या कॅसँड्रा राउअर्ट यांच्या गटाने २०२५ मध्ये नेमकं हेच तपासून सांगितलं, की पॉलिथिन आणि पीव्हीसी रक्तात मोजण्यासाठी ही पद्धत आज तरी योग्य नाही. मेंदूत प्लास्टिक सापडल्याची न्यू मेक्सिकोची २०२५ मधली बातमी आठवत असेल. मेंदूच्या कोरड्या वजनाचा मोठा वाटा चरबीचाच आहे आणि तिथेही सर्वाधिक निघालं ते पॉलिथिनच. त्यामुळे तो आकडा मी पेन्सिलने लिहून ठेवला आहे, पेनाने नाही.

‘माणूस आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो’ हे वाक्य तर व्हॉट्सॲपवर अमर झालंय. २०१९चा तो अंदाज पाच ग्रॅमचा. २०२१ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हिशेब नव्याने मांडला तेव्हा प्रौढ माणसाचा आठवड्याचा आकडा चार मायक्रोग्रॅमच्या आसपास आला. दहा लाख पटींचा फरक! इतका फरक ज्या विषयात अजून पडतो, त्यात एका माणसाला एक आकडा देऊन पैसे घेणं मला पटत नाही.

तरी इटलीतला २०२४चा अभ्यास मी बाजूला सारणार नाही. मानेतल्या धमनीतला अडथळा शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांवर लक्ष ठेवलं होतं. १५० जणांच्या त्या थरात पॉलिथिन सापडलं. सुमारे ३४ महिन्यांत या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका दुसऱ्या गटाच्या साडेचार पट दिसला. साडेचार पट ही साधी गोष्ट नाही. पण कारण-परिणाम त्यातून सिद्ध होत नाही हे त्या लेखकांनीच लिहिलं आहे, आणि मोजण्याची पद्धत तीच तापवून तुकडे करण्याची होती. हे दुसऱ्या कोणीतरी, दुसऱ्या शहरात, नीट ब्लँक ठेवून पुन्हा करून दाखवायला हवं.

आता परिणामांकडे. इथे सगळ्यांना एकाच मापाने मोजू नका. बीपीएबद्दल २००८ मध्ये अमेरिकन आकडेवारीतून मधुमेह आणि हृदयरोगाशी संबंध दाखवला गेला, पण तो एकाच वेळच्या लघवीवरून होता. जास्त डबाबंद खाणाऱ्या माणसाचं बाकीचं खाणं कसं असतं, ते तुम्हीच ओळखा. नियामकांचंही एकमत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये बीपीएची रोजची चालणारी मात्रा शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून थेट ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे २०,००० पटींनी खाली. उंदरांच्या रोगप्रतिकारक पेशींवरचा परिणाम हा त्याचा मुख्य आधार. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेने त्याच पुराव्यावरून २०० नॅनोग्रॅम काढले. दोघंही जाणकार, फरक हजार पटींचा. तरी जानेवारी २०२५ पासून युरोपात अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत बीपीएवर बंदी लागू झाली, टप्प्याटप्प्याने. आपल्याकडे बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत ते चालणार नाही असं भारतीय मानक ब्युरोने २०१५ मध्येच ठरवलं.

थॅलेट्सबद्दल मी जास्त सावध आहे, आणि तुमच्या दृष्टीने तोच कामाचा भाग. नर उंदरांच्या गर्भावर डीईएचपीचा टेस्टोस्टेरॉन कमी करणारा परिणाम पक्का आहे. माणसात शॅना स्वान यांनी २००५ मध्ये दाखवलं की ज्या मातांच्या लघवीत काही थॅलेट्स जास्त, त्यांच्या मुलग्यांत गुदद्वार ते जननेंद्रिय हे अंतर कमी. २०१५ मध्ये मोठ्या गटात, पहिल्या तिमाहीतल्या लघवीवरून, डीईएचपीसाठी ते पुन्हा दिसलं. २०२२ मध्ये अमेरिकेतले १६ अभ्यास, ६,०४५ गर्भवती एकत्र करून पाहिलं तेव्हा काही थॅलेट्स जास्त असलेल्यांत वेळेआधी प्रसूतीची शक्यता १२ ते १६ टक्क्यांनी वाढलेली निघाली. या टक्क्यांना घाबरण्याआधी साधा हिशेब करा: शंभरात दहा बाळं आधी येत असतील तर ती अकरा-साडेअकरा होतील. समाजासाठी हा फरक मोठा आहे. एका घरासाठी छोटा, पण शून्य नाही, आणि तो कमी करता येण्यासारखा आहे.

तुमच्या मेलमध्ये एक बातमी चिकटवली होती, भारतात थॅलेट्समुळे एक लाख मृत्यू. तो एप्रिल २०२५चा अभ्यास. जगभरात २०१८ मध्ये ५५ ते ६४ वयोगटात हृदयविकाराचे ३,५६,२३८ मृत्यू डीईएचपीशी जोडले, त्यांत भारताचे १,०३,५८७. अगदी शेवटच्या आकड्यापर्यंत दिलेली संख्या बघून वाटतं की कोणीतरी मोजून आलंय. मोजलेलं नाही. धोक्याचं प्रमाण अमेरिकन पाहणीतून घेतलं, भारतीयांच्या शरीरातली पातळी अंदाजाने धरली, आणि गुणाकार केला. कुठे लक्ष द्यावं हे सांगायला असा अंदाज उपयोगी पडतो. कोणा एकाला बायपास का करावी लागली याचं उत्तर त्यात नाही.

डीईएचपीचा विषय निघाला की लोक रक्ताच्या पिशवीबद्दल विचारतात. होय, ती पिशवी पीव्हीसीची असते आणि तिच्यातून डीईएचपी रक्तात उतरतं. १९७० मध्येच अमेरिकेत जेगर आणि रुबिन यांनी हे दाखवलं. गंमत अशी की ते तांबड्या पेशींच्या आवरणात शिरून त्यांना फुटण्यापासून वाचवतं. पिशवीतल्या लाल पेशी ४२ दिवस टिकतात त्यात त्याचाही हातभार आहे. म्हणून पर्याय शोधणं इतकं लांबलं. नवजात अतिदक्षता विभागातल्या इवल्या बाळांसाठी डीईएचपी नसलेल्या नळ्यांचा आग्रह जरूर धरावा. पण बाळंतपणात रक्त लागलं आणि कोणी प्लास्टिकच्या भीतीने नको म्हटलं, असं कृपया होऊ देऊ नका.

आणि ती ‘रक्तशुद्धी’. लंडनमध्ये प्लाझ्मा बदलून मायक्रोप्लास्टिक काढण्याचे महागडे उपचार विकले जाताहेत, तेच लोण इकडे आलंय. प्लाझ्मा बदलणाऱ्या यंत्राची नळ्या-पिशव्यांची सगळी जोडणी बहुधा मऊ पीव्हीसीची असते. प्लेटलेट दात्यांच्या शरीरात अशा प्रक्रियेनंतर डीईएचपीची रूपं वाढलेली मोजली गेली आहेत. बीपीए आणि थॅलेट्स दुसऱ्या दिवसापर्यंत मूत्रपिंडं फुकट बाहेर काढतात. एकच अपवाद, पीफास: ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरियाच्या अग्निशमन दलातल्या २८५ जणांवर चाचणी झाली, वर्षभर दर सहा आठवड्यांनी प्लाझ्मादान करणाऱ्यांची पातळी खरंच उतरली. पण त्यांच्या रक्तात ते मुळात होतं, आणि नीट मोजलेलं होतं. तुमचं तसं काही नाही.

घरात काय करायचं? प्लास्टिक, उष्णता आणि तेल ही तीन एकत्र येऊ देऊ नका, यात निम्मं काम झालं. गरम रस्सा, आमटी, चहा पातळ पिशवीत भरून आणायचा प्रकार बंद; स्टीलचा डबा घेऊन जा, कोपऱ्यावरचा पोळीभाजीवाला हसत भरून देतो. मायक्रोवेव्हमध्ये प्लास्टिकचं भांडं नको, त्यावर काहीही लिहिलेलं असो. कागदी कपाला आतून प्लास्टिकचाच पातळ थर असतो. आयआयटी खरगपूरच्या २०२० मधल्या कामात १०० मिली गरम पाणी १५ मिनिटं ठेवल्यावर सुमारे २५,००० सूक्ष्म कण सुटलेले मोजले. वीस लिटरचे निळे जार बरेचदा पॉलीकार्बोनेटचे असतात आणि टेम्पोत दिवसभर उन्हात तापतात. घरी गाळण्याची सोय असेल तर ते बंद करा. गच्चीवरची काळी टाकी पॉलिथिनची, तिच्यात बीपीए नाही आणि थॅलेट्स घालायची गरजही नसते, तेव्हा तिच्यावर खर्च करू नका. अत्तर, डिओ, सुगंधी लोशन यांतही एक थॅलेट असतं, गर्भारपणात ते कमी केलेलं बरं. काही गोळ्यांच्या आवरणातही असतं, पण औषध स्वतःहून थांबवायचं नाही.

याने फरक पडतो का? सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पाच कुटुंबांना २०११च्या अभ्यासात तीन दिवस फक्त ताजं, प्लास्टिक न लागलेलं अन्न दिलं. लघवीतलं बीपीए सरासरी ६६ टक्क्यांनी आणि डीईएचपीची रूपं पन्नासेक टक्क्यांनी उतरली. पण सिएटलमध्ये २०१३ साली दहा कुटुंबांवर तसाच प्रयोग करताना उलटंच झालं: ताजं, स्थानिक अन्न खाऊन डीईएचपीची रूपं वीस पटींहून जास्त वाढली. शोधलं तर मुख्य संशयित निघाली धणेपूड! ग्रॅममागे २१,४०० नॅनोग्रॅम डीईएचपी. मसाला बहुधा कुठल्यातरी यंत्राच्या नळीतून किंवा पिशवीतून ते घेऊन आला होता. हे वाचल्यापासून माझ्या घरी धणे आख्खे येतात आणि मिक्सरमधून निघतात. तेवढा एक बदल मी स्वतः केला आहे.

लॅबकडून दोन गोष्टी लेखी मागा: त्या बॅचच्या ब्लँकचा आकडा आणि मोजलेलं बीपीए मोकळं होतं की एकूण. मिळाल्या तर मला पाठवा, मी बघेन. न मिळाल्यास पैसे परत मागा. आणि गर्भधारणेआधी ज्या तपासण्यांचा खरंच उपयोग आहे, त्या तुमच्या पॅकेजच्या यादीत मला दिसल्याच नाहीत: तिचं टीएसएच (थायरॉइडसाठी), हिमोग्लोबिन, एचबीए१सी (साखरेसाठी), रुबेला, दोघांचं थॅलेसेमियासाठी एचबीए२, आणि सहा महिने-वर्षभर प्रयत्न करून काही झालं नाही तर त्याची वीर्यतपासणी. फॉलिक ॲसिड सुरू केलं नसेल तर या आठवड्यातच स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून सुरू करा.